वस्तू कशाची आहे, हे विचारा

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)





दरवर्षी या दिवशी बाहेरचे मोठे वक्ते येतात. यंदा समितीच्या पोरांनी मला सांगितलं, "काका, तुम्हीच बोला." मी गिरणीतला माणूस. दहावीला नापास झालो आणि कामाला लागलो. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकड्यावर बसून. म्हणून मी काही तत्त्वज्ञान सांगणार नाही. माझा हात ज्या वस्तूंना लागला त्या वस्तूंविषयी बोलणार आहे. माती, लोखंड, सूत, रंग, रेती. आणि शेवटी आपल्या या विहाराच्या स्लॅबविषयी थोडं बोलणार आहे. ते काहींना आवडणार नाही. तरी ऐकून घ्यावं, ही विनंती.

पहिली गोष्ट भांड्याची. आज आपल्या घरात स्टीलची भांडी आहेत, पितळेची आहेत, त्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण वस्तू कशाची आहे यावरून माणसाची पायरी ठरवण्याचा धंदा या देशात फार जुना आहे. मनुस्मृतीने चांडाळांसाठी फुटकी भांडी, लोखंडाचे दागिने आणि प्रेतावरचे कपडे लिहून ठेवले. म्हणजे सोनं कोणाचं, लोखंड कोणाचं, हे बाजारातल्या भावानं ठरत नव्हतं. ते जन्मानं ठरत होतं.

तुम्ही म्हणाल, ही फार जुनी गोष्ट झाली. तसं नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' लिहिलं, त्यात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावची हकिगत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या चार पैसे बाळगून असलेल्या अस्पृश्य घरातल्या बायका धातूच्या भांड्यातून पाणी आणू लागल्या. एवढ्यावरून त्यांना मारहाण झाली. पाणी तेच, विहीर तीच, डोकं तेच. फक्त मडक्याच्या जागी धातू आला. सवर्णांना तो आपला अपमान वाटला. बंधूंनो, भांडं हे फक्त भांडं नसतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना मार खाऊन कळलं.

बाबासाहेबांना हे आधीच कळलेलं होतं. डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, हे आपण सगळे जाणतो. पण त्याच परिषदेत त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली, ही गोष्ट आपण कमी सांगतो. त्यांनी बायकांना सांगितलं की लुगडं नेसण्याची तुमची पद्धत बदला, गळाभर आणि कोपरापर्यंत चढवलेले कथलाचे, चांदीचे दागिने टाकून द्या, कारण ती तुमच्या अस्पृश्यपणाची खूण आहे. एवढा मोठा बॅरिस्टर माणूस बायकांच्या कथलाविषयी का बोलत होता? कारण गुलामगिरी कायद्यात असते तशी ती अंगावरच्या वस्तूतही असते, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता गिरणीकडे येतो. माझे वडील परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. आमच्या नात्यातले जेवढे गिरणीत होते ते सगळे त्रासनला, नाहीतर सफाईला. साचे खात्यात एकही नाही. साच्यावर पगार जास्त. लहानपणी मला वाटायचं, आपल्या लोकांना ते काम जमत नसेल. मोठा झाल्यावर कारण कळलं. साच्यावर कापड विणताना धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धोट्याच्या भोकातून सूत बाहेर काढायचं. ते हातानं येत नाही. विणकर धोट्याला तोंड लावून श्वास आत ओढायचा, तेव्हा दोरा बाहेर यायचा. आज एका कामगाराने तोंड लावलेला धोटा उद्या दुसरा लावणार. मग सवर्ण कामगार म्हणाले, अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही. झालं! चांगल्या पगाराचं खातं आपल्याला बंद.

बघा, एका लाकडी धोट्याला किती लहान भोक. त्या भोकातून जात आत गेली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर मांडला. साचे खातं आमच्या माणसांना खुलं करा, म्हणाले. लाल बावट्याच्या लोकांनाही त्यावर उत्तर देणं जड गेलं.

आता यातली दुसरी बाजू ऐका. तोंडाने दोरा ओढण्यात क्षयाची भीती होती, कापसाचा कोंडा छातीत जात होता. ज्यांना शिवाशिवीची एवढी काळजी, त्यांना रोगाची काळजी नव्हती. तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे निघाले होते. पुढे तर बिनधोट्याचे साचे आले. म्हणजे अडचण सुताची नव्हती. यंत्र जसं बनवलं होतं त्याची होती, आणि ते तसंच ठेवण्यात कोणाला गैर वाटलं नाही, त्याची होती. ज्याला ते वापरायचं आहे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडिलांची नोकरी गेली ती परत आली नाही. आम्ही परळ सोडून अंबरनाथला रुळाच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत आलो. पत्रा म्हणजे काय असतं ते इथल्या अर्ध्या लोकांना सांगायला नको. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात ढोल.

त्या अंबरनाथला शिवमंदिर आहे. मी तिथे देव बघायला जात नाही, दगड बघायला जातो. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तिथे आहे. शिलाहार राजांच्या काळातलं काम. दगड आपल्याच भागातला काळा पाषाण. साडेनऊशे वर्षं पाऊस खाऊन त्या भिंती उभ्या आहेत. राजाचं नाव शिलालेखात आहे, पण दगड फोडणाऱ्याचं, वाहणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

आपल्या लेण्यांचं मात्र थोडं वेगळं आहे. आपली उल्हास नदी ज्या डोंगरातून उतरते तिथे, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. पलीकडे कार्ले आणि भाजे. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर मान वर करून बघा. छताला सागवानी लाकडाच्या कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. आता अख्खा डोंगर कोरून काढलेलं छत, त्याला लाकडाच्या आधाराची काय गरज? काहीही गरज नाही. पण आधी लोक लाकडाचे विहार बांधत होते. दगड हातात आला तरी कारागिराच्या डोळ्यात लाकूडच होतं. नवी वस्तू आली की माणूस आधी तिच्यातून जुनीच गोष्ट करतो. नव्या वस्तूचा स्वभाव कळायला एक-दोन पिढ्या जातात. हा मुद्दा लक्षात ठेवा, मला तो शेवटी लागणार आहे.

आणि या लेण्यांना पैसा कोणी दिला? कान्हेरीच्या शिलालेखांत आपल्या कल्याणच्या लोहाराने आणि सोनाराने दान दिल्याची नोंद आहे. हातानं काम करणाऱ्या माणसाचं नाव दगडावर! तो धम्माचा काळ होता.

भगवंतांनी वस्तूचा किती बारीक विचार केला ते विनयात दिसतं. भिक्षूचं पात्र लोखंडाचं किंवा मातीचं. सोन्या-चांदीचं नाही, तांब्याचं नाही, काचेचंही नाही. शाक्य राजपुत्र भिक्षू झाले आणि त्यांचा न्हावी उपाली भिक्षू झाला, दोघांच्या हातात पात्र एकाच वस्तूचं. बाहेर झानू गावात ज्या वस्तूवरून मार बसला, तिचा भेद संघात भगवंतांनी मुळातच काढून टाकला होता. चीवर तुकडे जोडून शिवलेलं; त्याचा नमुना मगधातल्या भातखाचरांवरून आनंदांनी बसवला. चीवराला रंग कशाचा, तर मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांचा.

आणि कौशांबीच्या उदेन राजाची गोष्ट तर मला फार आवडते. राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरं दान दिली. राजाला राग आला, एवढ्या कपड्यांचं हा भिक्षू करणार काय? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं फाटली त्यांना वाटू. मग फाटलेल्यांचं काय? अंथरुणावर घालू. जुन्या अंथरुणाचं? गादीची खोळ करू. जुन्या खोळीचं? बसायला पसरू. त्याचं पायपुसणं, पायपुसण्याचं फडकं, आणि फडकं संपलं की कुटून चिखलात कालवू आणि लिंपायला वापरू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. भगिनींनो, ही गोष्ट ऐकून तुम्हाला तुमच्या आईची गोधडी आठवली की नाही?

आता आपल्या उल्हासनगरकडे या. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत आले, सुमारे एक लाख माणूस. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कॅम्पचं उल्हासनगर झालं. सर्वस्व गमावलेल्या त्या लोकांनी कष्टानं धंदे उभे केले, हे मान्य केलं पाहिजे. त्यातला एक धंदा जीन्सचा.

जीन्सचं कापड मी जवळून पाहिलंय. त्याच्या निळीचा स्वभाव असा की ती सुताच्या वरवर बसते, गाभ्यात शिरत नाही. म्हणून कापड वापरून वापरून फिकं पडतं. अमेरिकेत १८७३ साली तांब्याच्या रिबेटी मारलेल्या या पँटचं पेटंट निघालं ते मजुरांसाठी. मजुराची पँट वापरून फिकी व्हायची. पुढे ज्यांनी कधी फावडं धरलं नाही त्यांनाही फिकी पँट हवी झाली, दुकानातूनच फिकी. मग ती फिकी कोणी करायची? मजुरानेच. दगड घालून धुवायची, ब्लीचमध्ये बुडवायची, घासायची. तुर्कस्तानात रेतीचा फवारा मारून पँट फिकी करत होते. ती धूळ छातीत जाऊन तिथले तरुण कामगार सिलिकोसिसने मेले, तेव्हा २००९ साली सरकारने ते बंद केलं.

आपल्याकडे ते रंगीत पाणी वालधुनीत गेलं. अंबरनाथच्या डोंगरातून येणारी, त्याच शिवमंदिराला लागून वाहणारी ही नदी. ती किती रंगांची झाली ते तुम्ही पाहिलंय. मी स्वतः वीस वर्षं एका प्रोसेसमध्ये जिगरवर उभा राहिलो. आमच्या खात्याचं पाणी गटारातून कुठे जातं हे मला माहीत होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं तर काम जाईल. २०१४ च्या अखेरीला टँकरने नदीत रसायन ओतलं आणि रात्रीत शेकडो लोकांना श्वास घेता येईना. कोणाच्या वस्तीत ओतलं? जिथे पत्र्याच्या खोल्या आहेत तिथे. वनशक्ती संस्था हरित लवादाकडे गेली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. २०१८ च्या सुमारास उल्हासनगरातले जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले. नदी थोडी सुटली, पण आपल्याच पोरांचा रोजगार गेला, आणि काही कारखाने आसपासच्या गावांत जाऊन बसले. नदीचं विष आणि गरिबाची भाकरी यांची गाठ मारून ठेवायची आणि मग म्हणायचं, घ्या, दोन्हीतलं एक निवडा! ही गाठ आपण मारलेली नाही. पण कपडा कशाने रंगला, त्याचं पाणी कुठे गेलं, हे विचारायला आपण शिकलं पाहिजे.

आता रेती. हे सांगायला मला जड जातंय.

१९९४-९५ ची गोष्ट. उल्हासनगरात बराकी जाऊन चार-चार, पाच-पाच मजले उभे राहत होते. लहान प्लॉट, घाईचं काम, परवानगीचा पत्ता नाही. मी पहिली पाळी करून संध्याकाळी बिगारीवर जायचो. तेव्हा रेतीची टंचाई होती. खदानीतून दगडाचा चुरा यायचा, त्याला 'उलवा रेती' म्हणायचे. स्वस्त. चुऱ्याची रेती मुळातच वाईट असते असं नाही, हे मी नंतर वाचलं. नीट चाळली, धुतली, तर आज चांगल्या कामातही ती चालते. पण तेव्हा धूत कोण होतं? त्यात पिठासारखी भुकटी असायची. ती खडीला चिकटून बसते आणि सिमेंटला धरू देत नाही. माल घट्ट होतो म्हणून आम्ही वरून पाणी ओतायचो. पाणी जास्त झालं की सिमेंट मेलं. असा स्लॅब वरून छान दिसतो, आत सच्छिद्र. त्यातून ओल सळईपर्यंत जाते, सळई गंजते. गंज फुगतो, जागा मागतो आणि खालचं काँक्रीट ढकलून देतो.

ती रेती मी माझ्या हातानं कालवली. मुकादमाने सांगितलं आणि मी कालवली.

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब वरून खालपर्यंत कोसळले. एकीत पाच माणसं गेली, दुसरीत सात. पेपरात आलं, १९९४-९५ च्या सुमारासच्या इमारती, उलवा रेती. तो पेपर वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. त्या इमारतींवर मी होतो की नव्हतो, मला माहीत नाही. पण तशाच कुठल्या तरी होतो.

आणि आता आपला विहार. आधी बांबू आणि ताडपत्री होती. मग पत्रा आला. १९९६ ला आपण श्रमदानाने स्लॅब टाकला. आठवतंय ना? बायका-पोरांनी घमेली दिली, रात्री दोनपर्यंत काम चाललं, सकाळी खीर वाटली. आपल्या आयुष्यातला मोठा दिवस. त्या स्लॅबसाठी रेती कमी पडत होती. मी मुकादमाच्या पाया पडून साइटवरची उरलेली रेती टेम्पोने आणली. फुकट आणली म्हणून समितीने माझा हार घालून सत्कार केला. ती उलवाच होती. दान शुद्ध मनानं दिलं होतं, पण रेती शुद्ध नव्हती.

आता समितीने वरच्या मजल्याचा ठराव केला आहे. हॉल, संगमरवरी फरशी, पितळी कठडा. वर्गणी जमते आहे. पोरांचा उत्साह मोठा आहे. मी बैठकीत म्हणालो, थांबा, तर काही जणांना वाटलं की काकांना नवीन काही बघवत नाही. आज सगळ्यांसमोर कारण सांगितलं.

माझी विनंती एवढीच आहे. वरचा मजला चढवण्याआधी खालचा स्लॅब तपासा. तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी तर कायद्यानेच सांगितली आहे आणि आपला स्लॅब त्या घरात आलाच आहे. नोंदणीकृत इंजिनीअर आणा. यंत्राने ठोकून बघतात, काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत देतात. त्याचा खर्च संगमरवराच्या वर्गणीतून करा. कमी पडला तर माझ्या फंडातून मी देतो. आणि इंजिनीअर म्हणाला पाडा, तर पाडू. पुन्हा पत्र्याखाली बसू. धम्म पत्र्याखाली ऐकू येतो, हे आपण अनुभवलंय.

घरी गेल्यावर आपापलं छतही बघा. तपकिरी डाग आहेत का, सळईच्या रेषेत तडा गेलाय का, काठीने ठोकलं तर पोकळ आवाज येतो का? असेल तर त्यावर पीओपी मारून झाकू नका. नवीन बांधकाम काढलंत तर काचेच्या बाटलीत निम्मी रेती घाला, पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, हलवून तीन तास ठेवा. रेतीवर गाळाचा जाड थर बसला, तर ती रेती परत पाठवा. ठेकेदार हसला तर हसू द्या. आणि स्लॅबला दोन आठवडे पाणी मारा.

सिमेंट आपल्या हातात आलं त्याला एकच पिढी झाली. लेण्यातल्या कारागिराने दगडात लाकूड पाहिलं, तसं आपण सिमेंटमध्ये माती पाहिली. कमी-जास्त झालं तरी चालेल, पुढच्या वर्षी पुन्हा लिंपू, असं वाटलं. सिमेंट तसं माफ करत नाही.

तथागतांनी सांगितलं आहे की ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. ते फक्त विचारांना लागू आहे असं समजू नका. ते भांड्याला, धोट्याला, कपड्याला आणि रेतीलाही लागू आहे. आपल्या पूर्वजांना कोणतीही वस्तू निवडण्याचा हक्क नव्हता, विचारण्याचा तर नव्हताच. बाबासाहेबांनी तो हक्क आपल्याला मिळवून दिला. तो वापरा.

मी चुकलो ते तुमच्यासमोर कबूल केलं. आता तपासणीचं काम तरी लवकर करू या. माझं काही जास्त-कमी बोलणं झालं असेल तर लहान-थोरांनी सांभाळून घ्यावं.

जयभीम! नमो बुद्धाय!